परदेशातलं दंतशिबिर: प्री-डेंटल विद्यार्थ्याचं काम कुठवर

कॉलेजच्या तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात मी ग्वाटेमालात आठ दिवस एका दंतशिबिरात काम केलं. आता अमेरिकेतच डेंटल स्कूलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्री-डेंटलची, म्हणजे डेंटल स्कूलला जायच्या तयारीतली मुलं भेटली की हमखास विचारतात, "ताई, तिथे दात काढायला मिळतात का?" आधी त्याचंच उत्तर देते. मिळत असतील, तर त्या संस्थेबरोबर जाऊ नका.

भूल देणं, ड्रिल चालवणं, दात काढणं ही कामं एकदा झाली की मागे घेता येत नाहीत. वरच्या दाढेची मुळं सायनसला टेकलेली असू शकतात, खालच्या अक्कलदाढेजवळून ओठाला संवेदना देणारी नस जाते. मूळ अर्धवट तुटलं तर ते काढायचं कसं, हे मला आज दुसऱ्या वर्षालाही नीट येत नाही. अमेरिकेतल्या डेंटल स्कूलांची संघटना एडीईए हिने प्री-डेंटल विद्यार्थ्यांच्या परदेशी अनुभवांबद्दल मार्गदर्शक सूचनाच काढल्या आहेत. अर्ज करण्याआधी त्या मुळातून वाचा. मी स्वतःपुरता एक सोपा नियम ठेवला होता: ज्या क्लिनिकमध्ये शॅडोइंग करते, म्हणजे डॉक्टरांसोबत राहून त्यांचं काम नुसतं बघते, तिथे जे करायची मला परवानगी नाही, ते विमानातून उतरल्यावरही नाही.

मी आधी निवडलेल्या संस्थेच्या माहितीपत्रकावर एका विद्यार्थ्याचा हातात फोर्सेप्स (दात काढायचा चिमटा) धरलेला फोटो होता. मला तो फार आवडला होता, पैसेही भरणारच होते. मी ज्यांच्याकडे शॅडोइंग करत होते त्या डॉक्टरांनी तो पाहिला आणि एवढंच विचारलं, "तुम्ही परत आल्यावर या पेशंटचं रक्त थांबलं नाही, तर तो कुणाकडे जाणार?" मी तोच प्रश्न संस्थेला ईमेलने पाठवला. उत्तरात गावाच्या निसर्गाचं वर्णन आलं. मी दुसरी संस्था शोधली.

तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. शिबिरात स्थानिक दंतवैद्य आहेत का, आणि शिबिर संपल्यावर पेशंट त्यांच्याकडे जाऊ शकतात का? त्या देशाच्या आरोग्य खात्याची परवानगी कुणाच्या नावावर आहे? त्याच गावात संस्था किती वर्षं जातेय? वापरलेल्या सुयांचं काय करतात? ज्यांचं काम चोख असतं ते या प्रश्नांना दोन दिवसांत नेमकं उत्तर देतात, आणि प्रश्न विचारल्याचा त्यांना आनंदच होतो.

तयारीत सगळ्यात आधी हेपॅटायटिस बीची लस. नेहमीच्या लशीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात, म्हणजे जूनला निघायचं तर सुरुवात डिसेंबरच्या आधी. उशीर झाला असेल तर हेप्लिसॅव-बी ही लस महिन्याच्या अंतराने दोन डोसांत पूर्ण होते. लहानपणी घेतली असली तरी टायटर, म्हणजे रक्तातली प्रतिपिंडं, तपासून घ्या. हेपॅटायटिस ए आणि टायफॉइडबद्दल ट्रॅव्हल क्लिनिकमध्ये विचारा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर आय-२० वर (कॉलेजने दिलेल्या प्रवेशाच्या कागदावर) प्रवासाची सही वर्षाच्या आतली हवी, आणि परत येण्यासाठी पासपोर्टवरचा व्हिसा चालू हवा. माझ्या गटातल्या एकीला हे निघायच्या नऊ दिवस आधी कळलं आणि तिचं जाणं राहिलं.

आता नोंदीचं काम. हे हलकं समजू नका, कारण माझ्या हातून सगळ्यात मोठी चूक इथेच होता होता राहिली.

अमेरिकेत दातांना १ ते ३२ असे आकडे देतात. जगात बहुतेक ठिकाणी मात्र एफडीआय या जागतिक दंतसंघटनेची दोन आकड्यांची पद्धत आहे: पहिला आकडा जबड्याच्या चतुर्थांशाचा (१ वरचा उजवा, २ वरचा डावा, ३ खालचा डावा, ४ खालचा उजवा), दुसरा मधल्या दातापासून मोजलेला. दुसऱ्या दिवशी आमच्या अमेरिकन डॉक्टरांनी एका बाईंना तपासून "फोर्टीन" म्हटलं, मी कार्डावर १४ लिहिलं. कार्ड गेलं स्थानिक दंतवैद्य बाईंच्या, सगळे त्यांना दोक्तोर म्हणत, खुर्चीकडे. अमेरिकेतला १४ म्हणजे वरची डावी पहिली मोठी दाढ. दोक्तोरांसाठी १४ म्हणजे वरची उजवी पहिली उपदाढ, आणि बाईंची ती उपदाढ चांगली धडधाकट होती. सूज डाव्या गालावर दिसत होती म्हणून दोक्तोर थांबल्या. बाईंना बोट लावून दाखवायला सांगितलं, मग मला बोलावून कार्ड माझ्यासमोर धरलं. रागावल्या नाहीत. १४ खोडून २६ लिहिलं आणि पेन माझ्या हातात दिलं.

त्या दिवसापासून मी प्रत्येक दात शब्दांत लिहू लागले आणि शेजारी दोन्ही आकडे. दुधाच्या दातांचंही तसंच: अमेरिकेत ए ते टी अक्षरं, एफडीआयमध्ये ५१ ते ८५. दोन्ही पद्धतींचा तक्ता छापून, लॅमिनेट करून नेलात तर पहिल्या दिवसापासून उपयोगी पडाल.

उरलेले दिवस मी स्टरलायझेशनच्या टेबलावर होते, आणि शिबिर खरं तर त्या टेबलावर चालतं. तिथे हत्यारं तयार नसतील तर चारही खुर्च्या थांबतात. वापरलेली हत्यारं वाळू देऊ नका, सुकलेलं रक्त ब्रशने निघत नाही. घासायचं ते पाण्याखाली धरून, म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. हातात जाड रबरी मोजे हवेत, तपासणीचे पातळ नव्हे. फोर्सेप्सची बिजागरी उघडी ठेवून घासा आणि उघडीच पाऊचमध्ये घाला. ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) पाऊच एकावर एक रचू नका, उभे लावा, वाफ खेळली पाहिजे. साध्या ऑटोक्लेव्हला पाऊचमधल्या हत्यारांसाठी १२१ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं लागतात, वर वाळायचा वेळ वेगळा. ओला पाऊच बाहेर आला तर तो निर्जंतुक धरायचा नाही. पाऊचवरच्या पट्टीचा रंग बदलला म्हणजे उष्णता पोचली एवढंच कळतं, जंतू मेले याची खात्री स्पोर टेस्टनेच होते (स्पोर म्हणजे जंतूंची सगळ्यात चिवट रूपं).

आमचं शिबिर तोतोनिकापान या गावाजवळच्या एका शाळेत होतं. तिथे चौथ्या दिवशी ऑटोक्लेव्हची सायकल अर्ध्यावर असताना वीज गेली. बाहेर चाळीसेक माणसं बाकांवर बसलेली. कुणीतरी म्हणालं, पातेल्यात उकळून घेऊ. उकळून स्पोर मरत नाहीत, आणि तिथली उंची सुमारे २,५०० मीटर, पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं. मी नाही म्हटलं. जनरेटर आल्यावर सायकल पहिल्यापासून लावली. पाऊण तास लोक थांबले, एकही उठून गेलं नाही. तो वेळ मला फार जड गेला, पण आजही मी तेच करेन.

सुई टोचली तर लपवू नका. लगेच साबण-पाण्याने धुवा आणि सांगा, कारण एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. दोन्ही हातांनी सुईला टोपण लावायला कुणी सांगितलं तर नकार द्या.

भाषेचं म्हणाल तर स्पॅनिशची वीस वाक्यं पाठ करा: "ले दुएले?" म्हणजे दुखतंय का, "मुएर्दा ला गासा" म्हणजे गॉझ चावून धरा. पण त्या डोंगरात म्हाताऱ्या माणसांची भाषा किचे ही माया भाषा होती, स्पॅनिश नव्हे. आमच्याकडे गावातलीच एक आरोग्यसेविका दुभाषी होती. दात काढल्यावर अर्धा तास गॉझ धरायचा, थुंकायचं नाही, स्ट्रॉने प्यायचं नाही, हे पेशंटला तिच्याकरवी सांगा आणि त्यांच्याकडून परत वदवून घ्या. पेशंटच्या उघड्या तोंडाचे फोटो काढू नका. विचारून होकार मिळाला तरी, दुखणाऱ्या माणसाचा होकार धरू नये असं मला वाटतं.

डेंटल स्कूलच्या प्रवेशाच्या एएडीएसएएस अर्जात या आठ दिवसांबद्दल लिहिताना केलेलंच काम लिहा: नोंदी, स्टरलायझेशन, दिवा धरणं. मुलाखतीत मला १४ आणि २६ बद्दलच सगळ्यात जास्त विचारलं गेलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी एक काम उरतं, ते गडबडीत विसरलं जातं. नोंदवही बसून तपासा. ज्यांचं मूळ आत राहिलंय, ज्यांना टाके आहेत, ज्यांची सूज उतरलेली नाही, त्यांची वेगळी यादी करा. आमच्या यादीत अकरा जण होते. ती दोक्तोरांना दिली, त्यांनी प्रत्येक नावापुढे तपासणीचा वार लिहिला आणि दुभाषी सेविकेने कोण कुठल्या वस्तीत राहतं ते लिहून दिलं.