दोन पुरवठादार असूनही माल का अडतो? या चुका टाळा

एका मालासाठी दोन पुरवठादार नेमले की पुरवठा सुरक्षित झाला, हा समज महागात पडतो, कारण कागदावर वेगळे दिसणारे ते दोघे कच्चा माल अनेकदा एकाच कारखान्यातून उचलत असतात. ११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामी आली, तेव्हा मोटारींच्या रंगाला चमक देणारे एक रंगद्रव्य बनवणारा ओनाहामा येथील कारखाना बंद पडला. हे रंगद्रव्य त्या वेळी जगात अन्यत्र कुठेही तयार होत नव्हते, त्यामुळे काही मोटार कंपन्यांना ठरावीक रंगांच्या गाड्यांची मागणी घेणे थांबवावे लागले. म्हणून पुरवठादाराला केवळ दर आणि मुदत विचारून थांबू नये. माल नेमक्या कोणत्या ठिकाणी बनतो आणि त्याचा कच्चा माल कुठून येतो, हेही लिहून घ्यावे.

दुसरी चूक साठ्याच्या हिशेबात होते. महागड्या भागांवर बारीक लक्ष असते आणि स्वस्त भाग दुर्लक्षित राहतो. समजा, एका पंपाला लागणारे रबरी सील बारा दिवस पुरेल एवढेच शिल्लक आहे आणि नव्या पुरवठादाराकडून साचा, नमुना, चाचणी व मंजुरी यांत पंचेचाळीस दिवस जाणार आहेत. तर मधले तेहतीस दिवस बाकी सर्व भाग हाताशी असूनही एकही पंप बाहेर पडणार नाही. ही तफावत प्रत्येक भागासाठी काढावी आणि जिथे ती मोठी आहे तिथेच जास्तीचा साठा ठेवावा. सरसकट सगळ्याचा साठा वाढवल्यास खेळते भांडवल अडकते.

पहिली बातमी सौम्य असते, हेही लक्षात ठेवावे. १७ मार्च २००० रोजी अमेरिकेतील आल्बुकर्की येथे फिलिप्सच्या चिप कारखान्यात लागलेली आग काही मिनिटांत विझली आणि आठवडाभराचा विलंब होईल, असे ग्राहकांना कळवण्यात आले. प्रत्यक्षात धूर आणि पाण्यामुळे अत्यंत स्वच्छ ठेवावे लागणारे उत्पादन विभाग दूषित झाले होते. या चिप घेणाऱ्या मोबाइल कंपन्यांपैकी नोकियाने रोजच्या रोज पाठपुरावा करून पर्याय उभे केले. एरिक्सन त्या पहिल्या निरोपावर विसंबून राहिली आणि तिला मोठा तोटा सोसावा लागला. पुरवठादाराने दिलेली तारीख एकदा पुढे गेली, की त्याच दिवशी पर्यायाची चौकशी सुरू करावी.

टंचाईच्या भीतीने गरजेच्या दुप्पट मागणी नोंदवणेही टाळावे, कारण त्यातून टंचाई अधिकच वाढते.

अडचणीच्या काळात रोकड वाचवण्यासाठी लहान पुरवठादारांची देणी रोखण्याची चूक मला सर्वांत घातक वाटते. तो पुरवठादार मजुरी देऊ शकला नाही तर त्याचे कुशल कारागीर निघून जातात, आणि मागणी परत येते तेव्हा यंत्रे असूनही ती चालवणारे हात तिथे उरलेले नसतात. अशा वेळी निदान ज्यांच्या मालाला पर्याय नाही, त्यांची बिले आधी चुकती करावीत.