ब्राझीलच्या पोर्तुगीजमधले इंग्रजी शब्द फुकट मिळत नाहीत

पुण्यात बसून साओ पाउलोच्या ग्राहकांचे कॉल घेणाऱ्या टीममध्ये मी काही वर्षं होतो. नव्याने येणारा जवळजवळ प्रत्येक जण धरून चालायचा, की व्याकरणाने घाम काढला तरी मधले इंग्रजी शब्द आपलेच आहेत. प्रत्यक्षात क्रियापदं पाठ होतात आणि गाडी अडते ती नेमकी या शब्दांपाशी.

आधी कानाची तयारी करा. ब्राझीलच्या माणसाला शब्दाच्या शेवटी मोकळं व्यंजन सहसा चालत नाही, तो त्याला 'इ' जोडतो. त्या 'इ'मुळे बऱ्याच भागांत 'त'चा 'च' आणि 'द'चा 'ज' होतो. सुरुवातीचा 'र' 'ह'कडे झुकतो, शेवटचा 'ल' 'उ' होतो. म्हणून इंटरनेटचं 'इंतेरनेची', फेसबुकचं 'फेसिबुकी', रॉकचं 'हॉकी' आणि कॉलचं 'कॉउ'. 'चीमी' ऐकलं की संघ समजायचं. कागदावर मात्र त्याचं स्पेलिंग इंग्रजी 'टाइम'सारखं दिसतं.

मग क्रियापदं. आपण 'डिलीट' तसाच ठेवून त्याला 'करणे' जोडतो. ते लोक इंग्रजी शब्दाला 'आर' हा प्रत्यय लावून सरळ पोर्तुगीज रूपं चालवतात: देलेतार, पोस्तार, प्रिंतार. 'मी देलेतू केलं' असं काही नसतं. 'देलेतेई' म्हणजे मी डिलीट केलं, 'देलेतोउ' म्हणजे त्याने किंवा तुम्ही. बग आला तर 'बुगोउ'. अशा नव्या क्रियापदांना अनियमित रूपं नसतात, हे त्यातल्या त्यात सुख. पण 'दार' म्हणजे देणे, हे क्रियापद वापरून लाइक 'देतात', फीडबॅकही 'देतात'. इथे मराठी कान लगेच रुळतो.

अर्थ मात्र जपून. ग्राहक 'प्रिंट पाठवतो' म्हणाला तर त्याचा प्रिंटरशी काही संबंध नाही, तो स्क्रीनशॉट पाठवणार आहे. 'नोटबुक' म्हणजे लॅपटॉप, 'शॉपिंग' म्हणजे अख्खा मॉल, 'आउटडोअर' म्हणजे रस्त्यावरचं होर्डिंग. 'लांशी' हा शब्द लंचवरून आला, पण त्याचा अर्थ मधल्या वेळचं खाणं. दुपारचं जेवण 'आउमोसू'. खाण्याच्या दुकानात 'एक्स-सलादा' लिहिलेलं असतं, तो सॅलड घातलेला चीजबर्गर. एक्स या अक्षराचं तिथलं नाव 'शीस', म्हणजे कानाला चीज! वयस्कर ग्राहक 'कूपर करतो' म्हणाले तर ते जॉगिंगला जातात: केनेथ कूपर या अमेरिकन डॉक्टरच्या पद्धतीवर 1970च्या विश्वचषकाआधी ब्राझीलच्या संघाची तयारी झाली, तेव्हापासून हा शब्द रुळला.

लिंग पाठच करावं लागतं. लिंक आणि साइट पुल्लिंगी. इंटरनेट आणि 'लाइव्ह', म्हणजे थेट प्रक्षेपण, स्त्रीलिंगी.

गोव्यात पोर्तुगीज शिकून आलेल्यांना वेगळी अडचण येते, कारण त्यांच्या कानात बहुधा पोर्तुगालची भाषा असते. तिथे संगणकाचा माउस म्हणजे चक्क 'रातू', उंदीर, संघ 'एकीपा', डिलीटसाठी 'आपागार'. ब्राझीलचा ग्राहक 'माउझी' म्हणतो तेव्हा हे हुशार लोक गडबडतात. 'देलेतार' ऐकून नाक मुरडणारेही पाहिलेत. नाक मुरडणारे खुद्द ब्राझीलमध्येही आहेत. 1999मध्ये खासदार आल्दो रेबेलो यांनी परक्या शब्दांना आळा घालणारं विधेयक आणलं आणि भाषाशास्त्रज्ञांनी त्यावर सडकून टीका केली. आपल्याकडच्या भाषाशुद्धीच्या वादांची सवय असलेल्याला हे ओळखीचं वाटेल.

सेल्पे-ब्रास ही ब्राझीलची अधिकृत परीक्षा देणार असाल तर एवढं बघा: लेखी भागात चार कामं असतात आणि प्रत्येकात कोण कुणाला लिहितंय ते दिलेलं असतं. मित्राला लिहिताना 'बुगोउ' शोभतं, संपादकाला लिहिताना नाही. तोंडी भाग वीस मिनिटांचा. तिथे समोरचा 'कॉउ' म्हणाला तर तुम्हीही म्हणा, फक्त आपला इंग्रजी उच्चार दामटू नका, तो त्यांना कळत नाही.