घरच्या खोलीतून सॉल्युशन्स आर्किटेक्टची परीक्षा

एडब्ल्यूएस म्हणजे अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा, सर्व्हर आणि साठवण इंटरनेटवरून भाड्याने देणारी. तिच्यावर यंत्रणेची रचना कशी करायची, याची 'सॉल्युशन्स आर्किटेक्ट – असोसिएट' ही परीक्षा द्यायला निघालेल्या माणसाला आधी एकच गोष्ट सांगतो. इथे चुकीचे पर्याय दिसायला चुकीचे नसतात. चारांपैकी दोन-तीन पर्यायांनी काम होऊ शकतं, पण प्रश्नात कुठेतरी एक अट टाकलेली असते आणि तिच्यात एकच बसतो. 'सर्वांत कमी खर्चात', 'सर्वांत कमी देखभालीत', 'अ‍ॅप्लिकेशनच्या कोडला हात न लावता'. शाळेपासून आपल्याला बरोबर उत्तर पाठ करायची सवय. या परीक्षेला उरलेले तीन पर्याय का बाद होतात, हे सांगता यायला हवं.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या संगणक विभागात होतो. सर्व्हर, वजनकाट्याचं सॉफ्टवेअर, शेतकऱ्यांची बिलं, हंगामात रात्री-अपरात्री येणारे फोन. क्लाउड म्हणजे काय ते ऐकून माहीत होतं, तेवढंच. नंतर लक्षात आलं की परीक्षेतले बरेचसे प्रश्न आपल्याच कामाचे आहेत. गळीत हंगामात एन्ट्री धो-धो येतात आणि पावसाळ्यात सर्व्हर रिकामा बसतो. मग वर्षभर मोठं मशीन कशाला पोसायचं? ऑटो स्केलिंगचा, म्हणजे गरजेप्रमाणे सर्व्हर आपोआप वाढवण्या-कमी करण्याचा, धडा मला तिथेच समजला. जुन्या हंगामांच्या पावत्या टाकून देता येत नाहीत, पण कुणी उघडूनही बघत नाही. त्या एस-थ्रीच्या, म्हणजे एडब्ल्यूएसच्या फाइली साठवायच्या सेवेच्या, स्वस्त आर्काइव्ह वर्गात टाकायच्या. त्यातल्या सर्वांत स्वस्त डीप आर्काइव्हमधून फाइल परत मिळायला १२ तास लागू शकतात, हे मात्र ध्यानात ठेवायचं, कारण प्रश्नात 'काही मिनिटांत हवी' असं लिहिलं की तो पर्याय गेलाच. तुमचं क्षेत्र कुठलंही असू दे, बँक, दवाखाना, कुरिअर. तिथली एखादी अडचण घेऊन ती एडब्ल्यूएसवर कशी मांडाल, ते कागदावर काढून बघा. व्हिडिओ बघून एवढं पक्कं होत नाही.

अटी वाचायची सवय कशी लावायची, त्याचा एक नमुना देतो. संध्याकाळी सगळे अधिकारी रिपोर्ट काढायला बसतात आणि आरडीएसचा (एडब्ल्यूएसच्या तयार डेटाबेस सेवेचा) डेटाबेस मंदावतो. पर्यायांत मल्टी-एझेड (वेगळ्या डेटा सेंटरमध्ये ठेवलेला जोडडेटाबेस) आहे आणि रीड रेप्लिकाही (फक्त वाचनासाठीची प्रत). नवशिके मल्टी-एझेडकडे ओढले जातात, कारण नाव भारदस्त आहे. पण नेहमीच्या मल्टी-एझेड मांडणीतला दुसरा डेटाबेस राखीव असतो. मूळ पडला तर तो उभा राहतो, एरवी त्याच्यावरून रिपोर्ट काढता येत नाहीत. वाचनाचा भार वाटून घ्यायचा तर रीड रेप्लिका. प्रश्न 'डेटाबेस पडला तरी काम थांबू नये' असा असता, तर उत्तर उलटलं असतं. प्रायव्हेट सबनेटमधल्या, म्हणजे थेट इंटरनेटला न जोडलेल्या जाळ्यातल्या, मशीनला एस-थ्रीशी बोलायचं असेल तर बाहेर जायची वाट देणाऱ्या नॅट गेटवेनेही जमतं, पण त्याला तासाचे आणि डेटाचे वेगळे पैसे. एस-थ्रीकडे थेट नेणारा गेटवे एंडपॉइंट फुकट. 'कमी खर्चात' दिसलं की हात तिकडेच गेला पाहिजे. तसंच लॅम्डा, म्हणजे सर्व्हर न सांभाळता कोड चालवणारी सेवा, १५ मिनिटांपलीकडे चालत नाही. तासभर चालणारं काम त्याच्या गळ्यात बांधणारा पर्याय खुशाल बाद करा.

परीक्षेचा साचा असा. ६५ प्रश्न, १३० मिनिटं. त्यातले १५ प्रश्न गुणांत धरत नाहीत, पण कोणते ते कळू देत नाहीत. गुण १०० ते १००० या पट्टीवर, उत्तीर्ण व्हायला ७२०. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून कोरं काही सोडायचं नाही. सुरक्षेला ३० टक्के, बिघाडातही तग धरणाऱ्या रचनेला २६, वेगाला २४, खर्चाला २० असं वजन आहे. पासिंग प्रत्येक भागात वेगळं नाही, एकूणच बघतात. तरी आयएएम (कुणाला कशाची परवानगी), सिक्युरिटी ग्रुप (मशीनभोवतीचं फायरवॉल), एन्क्रिप्शन हे कोरडे वाटणारे विषय मागे टाकू नका. सर्वांत जास्त वजन त्यांनाच आहे. फी १५० डॉलर, वर कर. कार्डावर परदेशी व्यवहार आधी चालू करून घ्या, आपल्याकडे ते बहुधा बंदच असतात.

सराव हाताने करायचा तर एडब्ल्यूएसचं खातं उघडल्याबरोबर रूट युजरला, म्हणजे खात्याच्या मुख्य मालकाच्या लॉगिनला, एमएफए (पासवर्डवर दुसरी पडताळणी) लावा आणि बजेटचा अलर्ट ठेवा. जुलै २०२५ पासून नव्या खात्याला २०० डॉलरपर्यंत क्रेडिट मिळतं, पण नॅट गेटवे चालू ठेवून झोपलात तर ते आटायला लागतं. दिवसाचं काम संपलं की उभारलेलं सगळं पाडायचं. रीजन (डेटा सेंटरचा विभाग) मुंबई घ्या किंवा हैदराबाद, अभ्यासाला फरक पडत नाही. सरावाचे अधिकृत प्रश्न एडब्ल्यूएसच्या स्किल बिल्डर या शिकण्याच्या साइटवर फुकट आहेत. 'खऱ्या पेपरचे प्रश्न' म्हणून ग्रुपवर फिरणाऱ्या पीडीएफना हात लावू नका. नियमभंग तर आहेच, शिवाय त्यांतली उत्तरं बरीच चुकीची असतात, आणि मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला पितळ उघडं पडतं.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी एक सोय आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना इंग्रजीतल्या परीक्षेसाठी ३० मिनिटं जादा मिळतात. ती मागायची परीक्षा बुक करण्याआधी, परीक्षेच्या सर्टिफिकेशन खात्यातल्या सवलतींच्या विभागातून. संकोच कसला? प्रश्न पाच-सहा ओळींचे असतात आणि कळीचा शब्द तिसऱ्या ओळीत दडलेला असतो.

घरून देणार असाल तर खोलीची तयारी अभ्यासाइतकीच गांभीर्याने करा. परीक्षा घेणाऱ्या पिअर्सन व्ह्यू कंपनीचं सॉफ्टवेअर त्याच लॅपटॉपवर, त्याच इंटरनेटवर आधी तपासा. ऑफिसच्या लॅपटॉपवरचं फायरवॉल हमखास आडवं येतं. सर्टिफिकेशन खात्यावरचं नाव ओळखपत्राशी जुळलं पाहिजे. आपल्याकडे एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर वडिलांचं नाव मध्ये, म्हणून हे बुकिंगच्या आधीच बघा. चेक-इन वेळेच्या ३० मिनिटं आधी सुरू होतं. फोनने स्वतःचा, ओळखपत्राचा आणि खोलीच्या चारही बाजूंचा फोटो पाठवायचा, मग फोन हाताला लागणार नाही असा ठेवायचा. टेबल मोकळं, घड्याळ, वही, दुसरा स्क्रीन काही नको. कच्चं काम स्क्रीनवरच्या पाटीवर. ओठ हलवत प्रश्न वाचायची सवय असेल तर ती सरावातच मोडा, पर्यवेक्षक टोकतो. घरच्यांना वेळ नीट सांगा. कुणी खोलीत डोकावलं तर परीक्षा थांबवू शकतात. इन्व्हर्टरवर राउटरही आहे ना, तेही बघा. गावी वीज जायची खात्रीच असेल तर सरळ पुण्या-मुंबईचं केंद्र घ्या, प्रवासाचा त्रास परवडतो. वेळ बदलायची तर २४ तास आधीपर्यंत, तीही जास्तीत जास्त दोनदा.

निकाल स्क्रीनवर लगेच दिसेल या आशेवर बसू नका. तो ५ कामकाजी दिवसांत खात्यावर येतो. नापास झालात तर १४ दिवसांनी पुन्हा देता येते, पण फी पूर्ण. पास झालात तर पुढच्या परीक्षेला ५० टक्के सवलत मिळते आणि प्रमाणपत्र ३ वर्षं चालतं.