कांदा चाळीत रात्रीचा वारा खेळू द्या

उन्हाळी कांदा चाळीत, म्हणजे फटी ठेवून बांधलेल्या साठवणीच्या शेडमध्ये, पडला की बरेच जण तिकडे पाठ फिरवतात, ते भाव वाढेपर्यंत. पण एप्रिल-मेच्या रात्री चाळीसाठी फार मोलाच्या असतात. साठवलेला कांदा जिवंत असतो, श्वास घेतो. त्यातून ऊब आणि ओलावा निघत राहतो. वरून तापलेले पत्रे भर घालतात. ही ऊब काढायला पंखा लागत नाही. गार हवेला खालून शिरायला आणि गरम हवेला वरून निघायला वाट तेवढी हवी.

खालची वाट बहुतेकदा आपणच बुजवतो. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच ठेवतात तो हवेसाठी, आणि तिथेच ठिबकच्या नळ्या, रिकामी पोती, सरपण कोंबलेले दिसते. ते आजच काढा. दोन पाखींमधली, म्हणजे कांदा भरायच्या दोन लांब कप्प्यांमधली, जागाही मोकळीच राहू द्या. माल जास्त झाला म्हणून तिथे कांदा ओतू नका, एवढे तरी ऐकाच. पाखीची रुंदी 4 फूट, कांद्याचा थर 5 फुटांपर्यंत; त्यापुढे मधल्या कांद्याला वारा लागत नाही. भरताना माती आणि सुटा पापुद्रा झटकून घ्या, फटी त्यानेच बुजतात. डेंगळे (फुलाचा दांडा आलेला कांदा), जोड कांदा आणि ओल्या मानेचा माल चाळीत नकोच.

साठवणीत कांद्याला 25 ते 30 अंश तापमान आणि 65 ते 70 टक्के आर्द्रता मानवते. मेच्या दुपारी हे जमत नाही, म्हणूनच रात्र वाया घालवू नये. पश्चिमेला उन्हासाठी गोणपाट किंवा शेडनेट लावले असेल, तर दिवस मावळताच गुंडाळून वर बांधा आणि दुपारच्या आत पुन्हा सोडा. पत्र्यावर उसाचे पाचट पसरून दोरीने आवळले तर दिवसाची झळ बरीच कमी होते.

मृगाचा पाऊस लागला की मात्र पद्धत बदला. तेव्हा रात्रीची हवा गार असली तरी दमट असते; कांदा ओल धरतो, काजळी आणि सड वाढते. अशा रात्री झडीकडची बाजू झाका, आणि उघडीप मिळून ऊन पडले की दिवसा सगळे पडदे वर करा. चारही बाजूंनी बंद कधीच करू नका.

आठवड्यातून एकदा पहाटे फटीतून आत हात घालून पाहा. कांदा कोमट लागला किंवा कुबट वास आला, तर तेवढा भाग उपसून सडका माल वेगळा काढा, आणि विक्री त्याच बाजूने सुरू करा.