नळ चकाकवण्याच्या नादात तो खराब होऊ नये म्हणून या चुका टाळा

बाथरूममधला नळ पांढरट पडला की बहुतेकांचा हात तारेच्या घासणीकडे जातो, नाहीतर संडास धुण्याच्या ॲसिडकडे. दोन्हींनी त्या दिवशी नळ लखलखतो. पुढे काही दिवसांनी मात्र त्यावर काळपट, पिवळसर चट्टे उठतात आणि ते कशानेही निघत नाहीत. निघणार तरी कसे? तो डाग नसतोच, वरचा मुलामाच गेलेला असतो.

चकचकीत नळ बहुधा आतून पितळेचा असतो, त्यावर निकेलचा थर आणि सगळ्यात वर क्रोमचा. हा क्रोमचा थर साधारण अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढा. संडास धुण्याच्या अनेक द्रवांत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं आणि क्रोम नेमकं त्यातच विरघळतं. त्यामुळे ती बाटली नळाच्या जवळपासही नेऊ नका. फरशी धुताना शिंतोडे उडाले, तर लगेच भरपूर पाण्याने नळ धुवा. दार-खिडकी बंद ठेवून ॲसिड वापरलं, तर नुसत्या वाफांनीही मुलामा खराब होतो.

मुळात तो पांढरा थर म्हणजे पाण्यातले क्षार, मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. साबणाला तो दाद देत नाही आणि जोर लावून घासलं तर चरे पडतात. त्याला लागतं सौम्य आम्ल आणि थोडा धीर. पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी एकत्र करा, त्यात जुनं सुती फडकं भिजवून नळाला गुंडाळा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. थर जाड असेल तर फडक्याच्या कडेला बारीक बुडबुडे दिसतील. क्षार विरघळताना सुटणारा तो कार्बन डायऑक्साइड. मग जुन्या मऊ टूथब्रशने खाचा साफ करा, स्वच्छ पाण्याने धुवा आणि कोरडं पुसा. थोडा थर राहिला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा हेच करा, पण फडकं रात्रभर बांधून ठेवू नका. काळ्या मॅट किंवा सोनेरी नळांना तर व्हिनेगर लावूच नये. त्यांना सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे. बेसिनचा ओटा संगमरवरी असेल तर खाली टॉवेल पसरा. संगमरवरही कॅल्शियम कार्बोनेटच असल्यामुळे व्हिनेगर त्यालाही खातं.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून लावायचा सल्ला सगळीकडे दिला जातो. फेस भरपूर येतो, म्हणून काम होतंय असं वाटतं. प्रत्यक्षात आम्ल सोड्यावरच खर्ची पडतं आणि क्षारांसाठी काही उरत नाही. आणि ब्लीच कुठल्याही आम्लात मिसळू नका, व्हिनेगरमध्येसुद्धा नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेतू शकतो.

आंघोळीनंतर नळ कोरड्या फडक्याने पुसला, तर यातलं बरंचसं करावंच लागत नाही.

धार बारीक झाली की लोक आधी टाकीला किंवा मोटारीला दोष देतात. घरातल्या बाकीच्या नळांची धार ठीक असेल, तर अडथळा याच नळाच्या तोंडाशी असलेल्या जाळीत आहे असं समजा. ही जाळी आट्यांवर बसवलेली असते. ती सोडवायला खालून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायची, म्हणजे वरून बघणाऱ्याला ती घड्याळाच्या दिशेने फिरताना दिसते. इथेच अनेक जण चुकतात आणि ती आणखी घट्ट करून बसतात. पकडीने धरायची वेळ आलीच तर मध्ये जाडसर कापड घ्या. त्याआधी बेसिनचं भोक झाका, नाहीतर आतला छोटा रबर वॉशर हमखास वाहून जातो. भाग ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने मांडून ठेवा. जाळी व्हिनेगरच्या पाण्यात बुडवा, ब्रशने कचरा काढा. सुई खुपसून भोकं मोठी करू नका.

नळ गळायला लागल्यावर तो रोज अधिकाधिक आवळत जाणं ही तर घरोघरची चूक. सेकंदाला एक थेंब म्हटला तरी दिवसाचे ८६,४०० थेंब होतात, तेव्हा दुर्लक्षही करू नका. आधी पाणी कुठून येतंय ते बघा. मुठीखालून झिरपत असेल, तर बहुधा तिथलं पॅकिंग सैल झालेलं असतं. फिरत्या तोटीच्या बुडातून येत असेल, तर ओ-रिंग, म्हणजे आतली रबरी कडी, झिजलेली असते. नवी बसवताना व्हॅसलिन लावू नका, त्याने अनेक प्रकारचं रबर फुगतं. सिलिकॉन ग्रीस वापरा. पाणी तोंडातून ठिबकत असेल, तर नळ कोणत्या प्रकारचा आहे त्यावर इलाज ठरतो. अनेक फेरे फिरणाऱ्या जुन्या नळात रबरी वॉशर पितळी बैठकीवर दाबला जातो. जास्त आवळलं की तो चिरतो, त्या फटीतून पाणी जात राहतं, बैठकही झिजते आणि मग नवा वॉशरही टिकत नाही. पाव किंवा अर्धा फेरा फिरणाऱ्या नळात सिरॅमिकच्या दोन चकत्या असतात. तिथे जोर लावून काहीच साधत नाही, आतलं कार्ट्रिज, म्हणजे या चकत्या बसवलेला सुटा भाग, बदलावं लागतं. दुकानात जाताना जुनं कार्ट्रिज सोबत न्या, कारण सारख्या दिसणाऱ्यांचीही उंची आणि दाते वेगळे असतात.

नळ खोलण्याआधी बेसिनखालचा अँगल कॉक बंद करायचा हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नसल्याने तो ऐनवेळी फिरत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी तो एकदा पूर्ण बंद करून उघडा. आताच जाम झाला असेल तर पान्ह्याने झटका देऊ नका. तो मोडला तर पाणी थेट भिंतीतल्या पाइपातून उसळेल. आधी मुख्य कॉक बंद करा, मगच त्याला हात घाला.