भूमिगत वीजगृहासाठी शोधबोगदा आणि भूगर्भ तपासणी: या चुका टाळा

कोअर बॉक्स, म्हणजे ड्रिलिंगमधून निघालेला दगडाचा गाभा ठेवायची पेटी, उघडला की नजर आधी लांब, सलग तुकड्यांवर जाते. हातभर लांबीचा टणक कातळ पाहून बरं वाटतं. पण बघायचं असतं ते रिकाम्या जागेकडे. समजा 112 ते 115 मीटरच्या टप्प्यात तीन मीटर ड्रिलिंग झालं आणि गाभा आला 2.40 मीटर. नोंदवहीत ‘रिकव्हरी 80 टक्के’ असं लिहून पुढची पेटी ओढली जाते. उरलेले 60 सेंटिमीटर गेले कुठे? बहुतेक वेळा ते पाण्याबरोबर वाहून गेलेले असतात. म्हणजे तिथे धड कातळ नव्हताच. चिरडलेला पट्टा असेल, भेगेत भरलेली चिकणमाती असेल, किंवा बेसाल्टच्या दोन थरांमधला तांबडा बोल, म्हणजे मऊ मातकट थर. वीजगृहाच्या छताला पुढे त्रास देणारा थर नेमका हाच, आणि पेटीत तोच नाही.

एका कामावर तर मी तुकडे सरकवून भरलेली पेटी पाहिली आहे. ड्रिलरला दोष देण्यात अर्थ नव्हता, कारण कमी रिकव्हरी आली की बिलात कपात, असं ठेक्यातच लिहिलं होतं. मग पेट्या भरलेल्याच येणार.

गाभा हरवू लागला तर आधी रन (एका खेपेत केलेलं ड्रिलिंग) लहान करा: तीन मीटरऐवजी एक मीटर. पाण्याचा दाब उतरवा, गाभा जपून वर आणणारी तीन नळ्यांची ट्रिपल ट्यूब बॅरल लावा. तरीही गाभा आला नाही, तर त्या खोलीवर लाकडी ठोकळा ठेवून ‘गाभा नाही, 60 सेंमी’ असं लिहा आणि ड्रिलरची वही उघडा. रॉड अचानक खाली गेला का, परतीचं पाणी तांबडं झालं का, की परत यायचंच थांबलं? या तीन नोंदी कधी कधी अख्ख्या पेटीपेक्षा जास्त सांगतात. त्यानंतर त्याच छिद्रात टेलिव्ह्यूअर (छिद्राच्या भिंतीचं चित्र घेणारं उपकरण) उतरवला, तर निसटलेला थर भिंतीवर दिसू शकतो.

आरक्यूडी 95, तरी कातळ फुटका

डीअर यांनी 1960 च्या दशकात आणलेला आरक्यूडी, म्हणजे कातळ किती सलग आहे याचा टक्क्यांतला निर्देशांक, मोजायला सोपा आहे: दहा सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकड्यांची बेरीज, भागिले रनची लांबी. घोळ मोजणाऱ्याकडून होतात. ड्रिलिंगमुळे किंवा पेटीत बसवताना झालेला ताजा तोड खरी भेग म्हणून धरला जातो. नाहीतर पेट्या जीपमधून खडबडीत रस्त्याने कार्यालयात पोहोचल्यावर मोजणी होते. मोजणी ड्रिलच्या शेजारीच करा, गाभा ओला आणि कोरडा असे दोन्ही फोटो काढा. शेलसारखा दगड उघड्यावर ठेवला की काही दिवसांतच विरघळल्यासारखा सुटतो, हेही ध्यानात असू द्या.

त्याहून मोठी चूक म्हणजे सगळी छिद्रं उभी घेणं. भेगाही उभ्या असतील तर उभं छिद्र दोन भेगांच्या मधून निघून जातं आणि आरक्यूडी देखणा येतो. या दिशादोषासाठीची दुरुस्ती रूथ टेरझागी यांनी 1965 मध्ये मांडली. पण जी भेग छिद्राला भेटलीच नाही, तिला कुठली दुरुस्ती लावणार? तिरकी छिद्रं घ्या, तीही वेगवेगळ्या दिशांना. वीजगृहाचा लांब अक्ष भेगांचे मुख्य संच आणि कातळातला ताण बघून ठरतो. एक संच नजरेतून सुटला तर पूर्ण गुहाच चुकीच्या अंगाने वळते.

पाण्याची चाचणी गोंधळात टाकते तेव्हा

दहा बार दाबाला, दर मीटर लांबीमागे, मिनिटाला एक लिटर पाणी कातळात गेलं तर तो एक ल्युजॉन, म्हणजे कातळातून पाणी किती झिरपतं याचं एकक. चाचणी पाच टप्प्यांत करतात: दाब चढवत न्यायचा आणि त्याच पायऱ्यांनी उतरवायचा. घाईत उतरणीचे टप्पे गाळले जातात, आणि खरी माहिती तिथेच असते. फक्त सर्वांत जास्त दाबाला आकडा उसळला आणि नंतर खाली बसला, तर भेगा दाबाने उघडत आहेत. उतरतानाही चढाच राहिला, तर भेगेतला भराव धुऊन निघतोय. टप्प्यागणिक घसरत गेला, तर पोकळ्या भरत आहेत किंवा चिंबत आहेत. आकडे अगदीच वेडेवाकडे असतील तर कातळाला दोष देण्याआधी छिद्राच्या तोंडाशी बघा. पॅकरच्या (चाचणीचा टप्पा बंद करणाऱ्या रबरी बुचाच्या) वर पाणी चढत असेल, तर पॅकरच गळतोय. दाबाचा काटा वर बसवलेला असेल, तर पाण्याच्या स्तंभाचा दाब मिळवायचा आणि पाइपमधलं घर्षण वजा करायचं. हे राहून गेलेले अहवाल मी मोजणं सोडून दिलं आहे.

दाबबोगद्याला, म्हणजे दाबाखालचं पाणी वीजगृहाकडे नेणाऱ्या बोगद्याला, मात्र एवढ्याने भागत नाही. वर पाचशे मीटर पाणी उभं राहणार असेल, तर आत सुमारे 49 बार दाब येणार. तिथे दहा बारवरची चाचणी काय कामाची? त्या खोलीवर हायड्रोजॅकिंग चाचणी (पाण्याच्या किती दाबाला भेगा उघडतात ते बघणारी) हवी, आणि ती प्रत्यक्ष दाबापेक्षा वर न्यायला हवी. डोंगर वर उंच आहे म्हणजे कातळात ताणही तेवढाच असेल, हे गृहीत धरू नका. खोल दरीच्या काठाला किमान ताण अंदाजापेक्षा बराच कमी निघू शकतो.

‘ड्रिफ्ट विनाआधार उभा आहे’

ड्रिफ्ट म्हणजे कातळ आतून बघण्यासाठी खोदलेला लहान शोधबोगदा. हे वाक्य बैठकीत आलं की मी सावध होतो. स्कॉटलंडमधल्या कोरी ग्लास या प्रस्तावित उदंचन (पाणी वर चढवून साठवणाऱ्या) जलविद्युत प्रकल्पाचा शोधबोगदा सुमारे चार मीटर रुंद ठेवला गेला. वीजगृहाची गुहा वीस मीटरपेक्षा रुंद असणं नेहमीचं. चार मीटरच्या छतात दोन भेगा मिळून जी पाचर सुटते, तिचाच आकार चोवीस मीटरवर नेला तर ती सहापट रुंद आणि वजनाला 216 पट होते. शिवाय लहान बोगद्यात ज्या भेगा एकमेकींना भेटतच नव्हत्या, त्या मोठ्या छतात भेटतात. ड्रिफ्टमधून भेगांची दिशा, लांबी, भराव आणि पाणी घ्या. तो उभा राहिला, हा गुहेसाठी पुरावा नव्हे.

सर्वांत महागात पडणारी हयगय म्हणजे भेगांचा नकाशा काढण्याआधी शॉटक्रीट (भिंतीवर फवारायचं काँक्रीट) मारणं. सिमेंटखाली गेलेली भेग पुन्हा दिसत नाही. सैल दगड उतरवून छत सुरक्षित झालं की दर स्फोटानंतर भिंती धुवा, मोजा, फोटो घ्या, मगच फवारणी. कातळ तेवढाही वेळ उभा राहत नसेल, तर निदान समोरच्या तोंडाचा फोटो आणि दगडाचा नमुना घ्या, आणि तो उभा राहिला नाही हीच नोंद करा. प्लेट जॅक चाचणीत (भिंतीवर जॅकने दाब देऊन ती किती दबते ते बघतात) कातळाच्या ताठरतेचा मापांक संशयास्पद कमी आला तर आधी भिंत तपासा. स्फोटाने खिळखिळा झालेला थर हाताने छिलून काढला नसेल, तर तुम्ही तुमच्याच स्फोटाची मोजणी केलीत.

पुढे छिद्र पाडून बघण्याचा कंटाळा करू नका. तीस मीटरचं छिद्र घेतलं तर वीस मीटर खोदून पुढचं घ्या, म्हणजे दहा मीटर माहितीचा कातळ कायम समोर राहतो. उत्तराखंडमधल्या तपोवन-विष्णुगाड प्रकल्पाच्या बोगद्यात डिसेंबर 2009 मध्ये टीबीएम (बोगदा खोदणारं यंत्र) पाण्याने भरलेल्या फुटक्या कातळात शिरलं. सेकंदाला सुमारे 700 लिटर पाणी आत आलं आणि यंत्र अडकून पडलं.

पाझर मोजण्यासाठी बोगद्याच्या तोंडाशी व्ही-नॉच (पाण्याचा प्रवाह मोजणारी व्ही आकाराची खाच) बसवा, पण ड्रिलिंगला आत सोडलेलं पाणी वजा करायला विसरू नका. खोदाई थांबली तरी मोजणी चालू ठेवा, निदान एक पावसाळा.

अहवालात ‘सरासरी आरएमआर 58’ असा (कातळाच्या प्रतीचे शंभरपैकी गुण सांगणारा) आकडा टाकून मोकळं होऊ नका, त्यात चार मीटरचा चिरडलेला पट्टा सहज दडतो. तो वेगळा दाखवा. चारशे मीटर अंतरावरच्या दोन छिद्रांमध्ये ठाम रेघ ओढू नका. तुटक रेघ आणि प्रश्नचिन्ह यांची लाज वाटायचं कारण नाही.

आणि पेट्या फेकू नका. कोरड्या शेडमध्ये, जमिनीपासून उचलून ठेवा, खोलीचे आकडे पत्र्यावर कोरा, कारण कागदी लेबलं वाळवी खाते. निविदा भरणारा ठेकेदार बघायला आला, तर त्याला आधी ‘गाभा नाही’ लिहिलेल्या ठोकळ्यांच्या पेट्या काढून द्या.