कारवानची पैदास: या चुका टाळा

लातूर, सोलापूर, सांगली या पट्ट्यात आणि सीमेपलीकडे बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळला कारवान हा शिकारी कुत्रा आजही शेतावर, वस्तीवर सांभाळला जातो. कोणत्या नराची पिल्लं ठेवायची हे पूर्वी रानातली सशाची शिकारच ठरवायची. ज्याचा दम टिकला, ज्याचे पाय टिकले, त्याच्याच घरी लोक पिल्लू मागायला जायचे. ती चाळणी आता राहिली नाही आणि राहूही नये, कारण सशाची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. म्हणजे निवडीची सगळी जबाबदारी पैदास करणाऱ्यावर आली, आणि तो बघतो उंची आणि भाव. जातीचं खरं नुकसान इथेच सुरू होतं.

इंचपट्टी घेऊन नर शोधणे

नराची उंची साधारण ६८ ते ७२ सेंटिमीटर आणि मादीची ६४ ते ६८, एवढीच या जातीची मापं आहेत. तरीही बाजारात 'तीस इंची' नराला मागणी असते. तीस इंच म्हणजे ७६ सेंटिमीटर. एवढा नर दिसला की आधी त्याच्या आजा-पणजाची चौकशी करा, बहुतेक वेळा दुसऱ्या जातीचं रक्त निघतं.

नर पाहायला गेलात तर आधी पंजे बघा. बोटं एकमेकांना घट्ट चिकटलेली, गादी जाड, नखं चालून झिजलेली हवीत. फाकलेल्या बोटांचा नर ढेकळांत चार दिवस पळाला की लंगडतो. छाती कोपरापर्यंत खोल असावी. मागच्या दोन-तीन बरगड्या दिसणं या जातीत नैसर्गिक आहे, त्यामुळे विक्रीसाठी फुगवलेल्या गुबगुबीत नराला भुलू नका. मग पळवून बघा. दोरीला चिंधी बांधून ती सायकलच्या उलट्या चाकावर गुंडाळत ओढली की तीनशे मीटरची धाव सहज मिळते. धाव संपल्यावर घड्याळ लावा. निरोगी, तयारीतल्या कुत्र्याचा श्वास पहाटेच्या गारव्यात दहा-पंधरा मिनिटांत जागेवर यायला हवा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जाऊन तो लंगडत नाही ना, हेही बघा.

स्वभावाला यापेक्षा कमी महत्त्व देऊ नका. कारवान परक्याला अंगाला हात लावू देत नाही, ते ठीक. पण भीतीपोटी चावणारी किंवा खाटेखाली लपणारी मादी पिल्लांना तेच शिकवते. अशा मादीला कितीही देखणेपण असलं तरी नर लावू नये.

वेग वाढवायला ग्रेहाउंड घालणे

सध्याची सगळ्यात महाग चूक हीच आहे. ग्रेहाउंड (शर्यतीचं विदेशी कुत्रं) आणि कारवान यांची पहिली पिढी खरोखर देखणी निघते: उंच, भरलेली, वेगवान, आणि सगळी पिल्लं साधारण एकसारखी. ती 'शुद्ध कारवान' म्हणून विकली जातात. पुढे ही पिल्लं एकमेकांना लावली की एकाच वेतात एक ग्रेहाउंडसारखं, एक कारवानसारखं आणि दोन कशासारखीच नाहीत, असा खिचडा निघतो. मागे फिरायचा रस्ता तेव्हा बंद झालेला असतो, कारण कोणत्या घरात किती रक्त गेलं याची नोंद कुणाकडेच नसते.

कामाच्या दृष्टीनेही हे जमत नाही. ग्रेहाउंड हा सपाट मैदानावर चारपाचशे मीटर सुसाट जाणारा प्राणी. त्याची कातडी पातळ. बाभळी-बोरीच्या काट्यांत ती कागदासारखी फाटते. कारवानचं मोल त्याच्या चिवटपणात आहे: उन्हात, दगडधोंड्यांत, कमी खाण्यावर दिवसभर उभं राहण्यात.

ब्रिटनमधली उदाहरणं दाखवून कुणी याचं समर्थन करतं. तिकडे ग्रेहाउंड आणि कोली (मेंढ्या राखणारं कुत्रं) यांचा संकर करून 'लर्चर' नावाची कुत्री सशांच्या कामासाठी घडवतात, हे खरं. ग्रेहाउंडचा वेग आणि कोलीचं डोकं एकत्र आणायचं, हा त्यामागचा विचार. पण तिथला बिळात राहणारा ससा पिकाचा शत्रू मानला जातो, आणि इंग्लंड-वेल्सच्या २००४ च्या शिकारबंदी कायद्यात जमीनमालकाच्या परवानगीने कुत्र्याने ससा धरायला सूट आहे. शिवाय लर्चर पाळणारा त्याला लर्चरच म्हणतो, शुद्ध जात म्हणून विकत नाही. कोलीच्या रक्तासोबत एक जनुकीय दोषही येऊ शकतो, त्यामुळे आयव्हरमेक्टिनसारखं औषध जास्त मात्रेत गेलं तर मेंदूवर परिणाम होतो. हे माहीत असल्यामुळे जाणते लोक आधी चाचणी करून घेतात. आपल्याकडे गोचीड-खरजेवर तेच इंजेक्शन अंदाजाने टोचलं जातं. त्यामुळे विदेशी मेंढपाळ कुत्र्यांचं रक्त असलेल्या संकरात हा धोका धरूनच चाला. संकर केलाच असेल तर कागदावर आणि तोंडी, दोन्हीकडे संकरच सांगा.

सगळ्या गावाला एकच नर

स्पर्धेत एक नर गाजला की पन्नास किलोमीटरवरून माद्या त्याच्याकडे येतात. तीन वर्षांनी त्या भागातली निम्मी पिल्लं सावत्र भावंडं असतात आणि मालकांना पत्ताही नसतो. सख्ख्या भावंडांच्या किंवा बाप-लेकीच्या जोडीत पिल्लांचा अंतःप्रजनन गुणांक (नात्यातल्या जोडीमुळे दोन्हीकडून एकच जनुक मिळण्याची शक्यता) २५ टक्के येतो, सावत्र भावंडांच्या जोडीत साडेबारा. परिणाम एका वेतात दिसत नाही. आधी वेत लहान होतं, मग पिल्लं अशक्त निघतात, मग माद्या गाभण राहत नाहीत, आणि तोवर दोष 'हवेला' दिला जातो. किमान तीन पिढ्यांची वही ठेवा: नाव, मालक, गाव, जन्मतारीख, रंग, मृत्यूचं कारण. बाहेरचा नर दुसऱ्या तालुक्यातून नव्हे, दुसऱ्या घराण्यातून आणा.

दिवस मोजून नर लावणे

'दहाव्या आणि बाराव्या दिवशी लावायचं' हा नियम पाठ असतो आणि मादी रिकामी राहिली की नराला दोष जातो. रक्तस्राव सुरू होतो त्या दिवसापासून बीज सुटेपर्यंतचा काळ प्रत्येक मादीत वेगळा असतो. काहींचं सातव्या दिवशी सुटतं, काहींचं अठराव्या. शिवाय सुटलेलं बीज लगेच तयार नसतं, पक्व व्हायला त्याला दोन दिवस लागतात. म्हणून रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तपासा. ते ५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आसपास आलं की बीज सुटतंय असं धरून दोन दिवसांनी पहिला मेळ आणि त्यानंतर ४८ तासांनी दुसरा. तपासणीची सोय नसेल तर लक्षणं बघा: स्राव लालभडक न राहता फिकट होतो, योनी मऊ पडते, पाठीवर हात ठेवताच मादी शेपूट बाजूला घेऊन उभी राहते.

मेळानंतर दोघं अडकून राहतात, दहा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत. पाणी ओतून किंवा ओढून सोडवलं तर दोघांनाही गंभीर इजा होते. मादीला धरून शांत उभं राहा, बस.

मेळाआधी दोन्ही बाजूंची ब्रुसेला या जिवाणूची रक्ततपासणी करून घ्या. या रोगात पिल्लं शेवटच्या पंधरवड्यात पडतात, नर कायमचा निकामी होऊ शकतो, खात्रीचा इलाज नाही आणि माणसालाही लागण होते. आणखी एक: माज थांबवायची हार्मोनची इंजेक्शनं देऊ नका. गर्भाशयात पू होऊन मादी हातची जाते.

गाभणपणी कॅल्शियमचं सिरप

प्रेमापोटी होणारी ही चूक. गाभण मादीला रोज कॅल्शियम पाजलं की हाडातून कॅल्शियम काढायची तिच्या शरीराची यंत्रणा मंदावते. व्याल्यावर दुधाची मागणी अचानक वाढते, शरीर ती पुरवू शकत नाही आणि दोन ते चार आठवड्यांत झटके येतात. सुरुवात ओळखा: धापा, अस्वस्थता, ताठ पायांनी चालणं, अंगाची थरथर, ताप. अशा वेळी पिल्लं लगेच बाजूला करा आणि डॉक्टरांकडे न्या. शिरेतून हळूहळू कॅल्शियम दिलं की मादी डोळ्यांदेखत सावरते. उशीर झाला तर वाचत नाही. गाभणपणी सिरपऐवजी चांगला आहार द्या: शेवटच्या तीन आठवड्यांत खाणं हळूहळू दीडपट करा, आणि नुसत्या भाकरी-ताकावर न ठेवता अंडी, शिजवलेलं मांस यांची जोड द्या. जंताचं औषध डॉक्टरांनी सांगितलेलंच द्या. अल्बेंडाझोल या काळात गर्भाला घातक ठरू शकतं.

बाळंतपणात घाई, आणि नको तिथे थांबणं

मेळापासून ५८ ते ६८ दिवसांत मादी विते. ५५ व्या दिवसानंतर एक्स-रे काढला तर पिल्लं किती आहेत ते कळतं, नाहीतर शेवटचं आत अडकलंय हे समजतच नाही. शेवटच्या आठवड्यात दिवसातून दोनदा गुदद्वारात थर्मामीटर लावा. अंगाचं तापमान ९९ फॅरनहाइटखाली उतरलं की साधारण २४ तासांत कळा येतात.

थेट दवाखाना गाठायच्या खुणा: पहिलं पिल्लू येण्याआधीच हिरवट-काळा स्राव, अर्धा तास जोरात कळा देऊनही पिल्लू नाही, दोन पिल्लांत दोन-तीन तासांहून जास्त अंतर. पिल्लू आडवं अडकलेलं असताना कुणी कळा वाढवणारं ऑक्सिटोसिन टोचलं तर गर्भाशय फाटू शकतं, म्हणून ते इंजेक्शन तपासणीशिवाय नको. सिझेरियन करावंच लागलं तर डॉक्टरांना हा ग्रेहाउंडसारख्या बांध्याचा कुत्रा आहे हे आठवणीने सांगा. अंगात चरबी अगदी कमी असल्याने थायोपेंटोनसारख्या भुलीतून ही कुत्री फार उशिरा बाहेर येतात.

पहिले पंधरा दिवस

पिल्लं मरतात ती बहुतेक गारठ्याने, आणि लोक समजतात उपासमारीने. पहिल्या आठवड्यात पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. खोक्यात २९ ते ३२ अंश सेल्सियस हवेत, आणि दिवा एका कोपऱ्यावर लावा म्हणजे नको असेल तेव्हा पिल्लू बाजूला सरकू शकेल. थंड पडलेल्या पिल्लाला दूध पाजू नका. त्याचं आतडं थांबलेलं असतं, दूध छातीत जातं. आधी अंगाशी धरून हळूहळू ऊब द्या, मग पाजा. गाईच्या दुधात कुत्रीच्या दुधाच्या निम्म्याच्या आसपास प्रथिनं आणि चरबी असते, त्यामुळे नुसतं तेच चालत नाही.

प्रत्येक पिल्लाच्या गळ्यात वेगळ्या रंगाचा सैल धागा बांधा, रोज धागा तपासा आणि रोज एकाच वेळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. दहाव्या दिवसापर्यंत जन्माचं वजन दुप्पट व्हावं. वजन वाढायचं थांबलं की पिल्लू आजारी दिसण्याआधीच तुम्हाला कळतं. दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी जंताचं औषध सुरू करा, कारण गोल जंत गर्भातच आईकडून आलेले असतात.

परव्हो आणि फिनेल

फिनेलने अंगण धुतलं म्हणजे परव्हो (पिल्लांना उलट्या-जुलाब करणारा जीवघेणा विषाणू) गेला, हा गैरसमज आहे. या विषाणूवर फिनेल चालत नाही, ब्लीचिंगचं द्रावण चालतं: घरगुती ब्लीच एक भाग, पाणी तीस भाग, दहा मिनिटं ओलं ठेवायचं. मातीत विषाणू महिनोन्‌महिने टिकतो. त्यामुळे एकदा वेत गेलं त्या मातीच्या जागेत पुढचं वेत वर्षभर ठेवू नका. लस सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी द्या आणि शेवटचा डोस १६ आठवड्यांचा झाल्यावरच. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती आधीचे डोस निष्फळ करू शकते, म्हणून 'एक इंजेक्शन झालंय' याला अर्थ नाही.

मोटारसायकलमागे पिल्लू

पाच महिन्यांच्या पिल्लाला गाडीमागे बांधून पळवणं तात्काळ बंद करा. हाडांच्या टोकांची वाढ पूर्ण व्हायला या जातीत वर्ष-सव्वा वर्ष लागतं. त्याआधी सक्तीने पळवलं की पुढचे पाय मनगटातून वाकतात आणि ते सरळ होत नाहीत. मोकळ्या रानात स्वतःच्या मर्जीने खेळू द्या. मोठ्या कुत्र्यालाही उन्हाळ्यात सकाळी सातनंतर पळवू नका. धावेनंतर लघवी कॉफीसारखी गडद झाली तर स्नायू फुटले आहेत, मूत्रपिंड धोक्यात आहे. त्याच तासाला दवाखाना.

कागद

२०१७ च्या कुत्रे पैदास आणि विक्री नियमांनुसार पैदासदाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. मादी किमान १८ महिन्यांची हवी, वर्षात एकच वेत, आयुष्यात पाचपेक्षा जास्त नाही, आठ वर्षांनंतर पैदास नाही, आणि पिल्लू आठ आठवड्यांच्या आत विकायचं नाही. पिल्लू देताना लसीचं कार्ड, जंताच्या औषधाच्या तारखा, आई-बापाची नावं आणि ती तीन पिढ्यांची वही यांची प्रत हातात द्या. नवा मालक सांभाळू शकला नाही तर पिल्लू परत घ्यायचं, हे त्याच कागदावर लिहून सही करा.